धावपट्टी डाव्या हाताला

“तुळस उजव्या हाताला ठेव, आणि तोंड मिटून चाल.”

लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला एवढंच सांगितलं. सोयराबाई त्यांचं नाव. बोलायच्या कमी, पण एकदा बोलल्या की ते भिंतीत खिळा ठोकल्यासारखं पक्कं बसायचं. त्या जाऊन बरीच वर्षं झाली. तरी पहाटे अंघोळ करून कुवेंपुनगरच्या आमच्या घरामागच्या अंगणात पाऊल टाकलं, की पहिला आवाज त्यांचाच येतो. मी दिवा लावते, हळदकुंकू वाहते, तुळस उजव्या हाताला घेते आणि चालू लागते. प्रदक्षिणा संपून तीर्थ घेईपर्यंत एक शब्द बोलत नाही. दूध उतू गेलं तरी नाही.

घरात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याचा फायदा घेणारेही घरातच आहेत. यांना, म्हणजे मनोहररावांना, एखादी गोष्ट कबूल करायची असली की ते नेमकी हीच वेळ साधतात. मागच्या दारात कॉफीचा पेला घेऊन उभे राहतात, सगळं सांगून टाकतात आणि मी तीर्थ घ्यायच्या आत नंजनगूडच्या बसला निघून जातात. तिथल्या एका कारखान्यात ते हिशेबखात्यात आहेत.

या वर्षी आमच्या चैत्रानंही ही वेळ धरली.

चैत्रा एकुलती एक. बी.एस्सी. झाली आणि तिनं सांगितलं, मला विमान चालवायचंय. सुम्ने, उगीच बोलत असेल, असं आधी वाटलं. पण नंजनगूडच्या रस्त्यावर मंडकळ्ळीला विमानतळ आहे. तिथे शिकाऊ मुलांची छोटी विमानं दिवसभर उतरतात, चढतात. ही कॉलेजच्या वर्षांत कितीदा तरी कुंपणाशी जाऊन उभी राहिलेली, ते आम्हाला मागाहून कळलं. खासगी वैमानिकाचा परवाना हवा असेल तर आधी लेखी परीक्षा असते. हवाई नियम, हवामान, दिशा काढणं, विमानाचं इंजिन, सगळं त्यात. सत्तर टक्के पडले तरच पास. मागच्या खेपेला ती थोडक्यात नापास झाली होती.

त्यावरून जेवताना विषय निघाला.

“आपले खापरपणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात होते,” हे सांबारात भात कालवत म्हणाले. “ते घोड्यावरून पडले. मी स्कूटरवरून पडलो. आता ही विमानातून पडणार. घराण्याची प्रगतीच आहे.”

“अप्पा, तुम्ही उभ्या असलेल्या स्कूटरवरून पडला होता.”

“पडणं ते पडणं.”

“बरं, मग ऐका,” चैत्रानं हातातला घास खाली ठेवला. “या वेळी नाही जमलं, तर मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकते. तुमच्या फॅक्टरीच्या लॅबमध्ये जागा आहे म्हणत होता ना, तिथे येते. परत विमानाचं नाव काढणार नाही.”

यांनी ताटातून मान वर केली. “आणि जमलं तर?”

“ते तुम्ही सांगा.”

“जमलं तर मी या दारापासून नंजनगूडपर्यंत चालत जाईन. श्रीकंठेश्वरासमोर नारळ फोडीन.”

चैत्रा हसली. हसण्यासारखंच होतं. कोपऱ्यावरच्या नंदिनीच्या बूथवर दूध आणायलासुद्धा हे स्कूटर काढतात. देवळात गेले तर चपला सांभाळायला म्हणून बाहेर उभे राहतात. नंजनगूड म्हणजे चांगलं वीस-बावीस किलोमीटर.

“शब्द?” ती म्हणाली.

“शब्द. तुझी अम्मा साक्षीला.”

मी हसले नाही. देवाचं नाव घेऊन बोललेलं मी हसण्यावारी नेत नाही. पण खरं सांगते, त्या वेळी माझं लक्ष नवसापेक्षा मुलीच्या तोंडाकडे होतं. पुस्तकं माळ्यावर टाकते म्हणताना ती हसत होती, आणि ताटात तिचं बोट मात्र एकाच शिताला दाबत बसलं होतं.

तिची अडचण अभ्यासाची नव्हती. इंजिनाचं विचारा, धडाधड सांगेल. नियम विचारा, पान क्रमांकासकट. अडायचं ते दिशांपाशी. लहानपणापासून तिला डावं-उजवं पटकन सुचत नाही. रिक्षात बसली की “इकडं, इकडं” म्हणत हात दोन्हीकडे करते. आणि या परीक्षेत तर दिशांचे आकडे. उत्तर म्हणजे तीनशे साठ, पूर्व नव्वद, दक्षिण एकशे ऐंशी, पश्चिम दोनशे सत्तर. कागदावर ती बरोबर मांडायची, पण विमान अमुक अंशांवरून तमुक अंशांवर आलं तर कुठल्या बाजूला वळलं, असं विचारलं की पेन हवेतच राहायचं.

एकदा पहाटे मी प्रदक्षिणा घालत होते आणि ही पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती. पुटपुटत होती, चुकत होती, स्वतःवरच चिडत होती. मला बोलता येईना. शेवटी मी हातानं खूण केली, ये. ती उठून माझ्यामागून चालू लागली. आमच्या अंगणातून घरांच्या मधल्या फटीतून चामुंडीचा बेट्ट, म्हणजे डोंगर, दिसतो, तो पूर्वेला. बेट्टाकडे तोंड करून चालत होते तेव्हा मी बोटानं बेट्ट दाखवला आणि मागे वळून भुवया उंचावल्या.

“नव्वद,” ती म्हणाली.

तुळशीला वळसा घालून मी न्हाणीघराच्या भिंतीकडे वळले.

“एकशे ऐंशी.” तिचा आवाज बदलला. मग फाटकाकडे जाताना दोनशे सत्तर, नारळाच्या झाडाकडे जाताना तीनशे साठ, आणि पुन्हा बेट्ट, पुन्हा नव्वद. “अम्मा,” ती मागून म्हणाली, “उजवीकडे वळत राहिलं की आकडा वाढतो. होकायंत्र प्रदक्षिणाच घालतंय.”

मला मान हलवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. पण आतून असं भरून आलं की त्या दिवशी प्रदक्षिणा किती झाल्या तेच विसरले, आणि पहिल्यापासून घातल्या.

तिथून आमची दोघींची शाळा सुरू झाली. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण लागतो तेवढा मी देते. दुपारी जेवणं झाली की वाती वळत मी तिचे प्रश्न वाचायची. आणि काय काय होतं त्या पुस्तकांत. ढगांना नावं होती, आणि कुठला ढग किती उंचावर राहतो त्याचा पत्ता. समोरासमोर दोन विमानं आली तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं.

“म्हणजे रस्त्यावर डावीकडून आणि आभाळात उजवीकडून,” हे पेपरामागून म्हणाले. “मधोमध पोचलं की काय करायचं?”

“अप्पा, तुम्ही खालीच बरे.”

सगळ्यात आवडलं ते वाऱ्याचं. आपल्या बाजूच्या अर्ध्या पृथ्वीवर हवेचा दाब जिथे जास्त, त्याच्याभोवती वारा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, आणि तिथे बहुतेक वेळा आभाळ मोकळं असतं. दाब जिथे कमी, तिथे तो उलटा फिरतो, आणि ढग, पाऊस, वादळ तिथेच जमतं. मी वात वळायची थांबले.

“म्हणजे वारासुद्धा सरळ प्रदक्षिणा घालतो तिथे चांगलं,” मी म्हणाले, “आणि उलटी घालतो तिथे वाईट.”

चैत्रा माझ्याकडे बघत राहिली. “अय्यो अम्मा, हे मी जन्मात विसरणार नाही.”

मला त्या रात्री झोप लागली नाही, आनंदानं. इतकी वर्षं तुळशीभोवती चालले. आभाळातही कुणीतरी त्याच नेमानं चालतंय, असं वाटून छातीत काहीतरी उडत होतं. आता तुळशीपाशी बसवता येणार नाही असं पुस्तकात काही उरलेलं नाही, अशीच माझी समजूत झाली. आणि म्हणूनच पुढचं झालं.

विमानतळाभोवती विमान एका ठरलेल्या चौकोनात फिरतं. त्याला सर्किट म्हणतात. धावपट्टीवरून उडायचं, वळायचं, ती क्रॉसविंडची बाजू. पुन्हा वळायचं आणि धावपट्टीला समांतर उलटं जायचं, ते डाउनविंड. मग बेस, मग फायनल, आणि उतरायचं. चार वळणं. चैत्रानं ते अंगणात मांडलं. बेट्टाकडची वाट ही धावपट्टी, न्हाणीघराची भिंत क्रॉसविंड, असं करत ती माझ्यामागून फिरायची, दोन्ही हात पंखांसारखे पसरून. मी तोंड मिटून पुढे, ती बोलत मागे. शेजारच्या वाणीबाई गच्चीवर कपडे वाळत घालताना थांबून बघायच्या. त्यांना वाटलं असेल नवीन व्रत आहे.

परीक्षेला थोडेच दिवस राहिले तेव्हा आम्ही बोगादीला गुरुराज सरांकडे गेलो. ते हवाई दलातून निवृत्त झालेले. आता घरीच मुलांना या परीक्षेचं शिकवतात. त्यांनी चैत्राला तासभर विचारलं. होकायंत्राचे सगळे प्रश्न बरोबर. हवामानाचे सगळे बरोबर. सर माझ्याकडे बघून म्हणाले, “काय जादू केली, अम्मा? मागच्या वर्षी हिला उत्तर दिशा सापडत नव्हती.”

मग त्यांनी टेबलावर एक पट्टी ठेवली आणि लाकडाचं एक लहान विमान तिच्या हातात दिलं. “सर्किट करून दाखव.”

चैत्रानं विमान पट्टीवरून उचललं आणि झोकात उजवीकडे वळवलं.

सरांनी चष्मा काढला. “परत.”

परत उजवीकडे.

“यारु हेळिकोट्टिदु?” कुणी शिकवलं हे, म्हणून त्यांनी विचारलं.

चैत्रानं माझ्याकडे बघितलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाले, “तुळशीनं.”

सगळं ऐकल्यावर ते हसले, पण चेष्टेनं नाही. मग नीट सांगितलं. वेगळी सूचना नसेल तर सर्किटची सगळी वळणं डावीकडची असतात. मुख्य वैमानिक डाव्या खुर्चीवर बसतो. डावीकडे वळत राहिलं की धावपट्टी त्याच्या खिडकीतून सतत दिसत राहते. “उजवीकडे वळलीस तर तुझ्या आणि धावपट्टीच्या मध्ये सगळं विमान आलं. आणि अम्मा, हा एक प्रश्न नाही. सर्किटमध्ये कोण कुठे आहे, कोणाला आधी जागा द्यायची, वारा बदलला तर काय, पाच-सहा प्रश्न यातून निघतात. मागच्या वेळी ही तेवढ्यानंच गेली होती.”

परत येताना बसमध्ये चैत्रा खिडकीबाहेर बघत होती. मधेच तिचा हात मांडीवर वळायचा, उजवीकडे. ती तो दुसऱ्या हातानं धरून ठेवायची.

घरी आल्यावर दोन दिवस तिनं पाठ केलं, डावीकडे, डावीकडे. सावकाश विचारलं की बरोबर सांगायची. घाईत विचारलं की हात उजवीकडे जायचा. पायात बसलेलं होतं ते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली.

“अम्मा, जे पायांनी शिकलं ते पायांनीच जाईल. उद्या सकाळी आपण तुळशीभोवती उलटं फिरू या. थोडा वेळ.”

माझे हात थांबले. “तसं नको.”

“का? तुझ्या प्रदक्षिणा झाल्यावर. तुझा नेम मोडत नाही.”

“चैत्रा, तुळशीभोवती उलटं फिरत नाहीत.”

“झाड आहे ते. त्याला डावं-उजवं कळत नाही. मलाच कळत नाही, तर त्याला काय कळणार?” तिचा आवाज चढला. “एवढा माझा जीव चाललाय, तू थोडं उलटं फिरायला तयार नाहीस. नेम मोठा की मी?”

माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते परीक्षेच्या तोंडावर लेकीला सांगण्यासारखं नव्हतं. या घरात आल्यापासून उलटी प्रदक्षिणा मी एकदाच बघितली होती. सासूबाईंना नेलं तेव्हा, खांद्यावर मडकं घेऊन हे चितेभोवती फिरले होते ती. तेव्हापासून उलट्या पावलांचा तो आवाज माझ्या कानात आहे. तुळशीभोवती, माझ्या मुलीला पुढे घालून, तसं चालणं माझ्यानं होणार नव्हतं.

ती उठून खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीच चालत होते. पायरी रिकामी होती. मग मागच्या दारात कॉफीचा वास आला.

“वनजा,” हे म्हणाले. “तुला बोलता येणार नाही म्हणून आत्ताच सांगतो. लॅबमध्ये जागा बिगा काही नाही. मी कुणाला विचारलेलंसुद्धा नाही.”

मी चालता चालता मान वळवली.

“बघू नकोस तशी, पाय घसरेल. मागे एकदा जेवताना तोंडातून निघून गेलं. पोरीनं खरं धरलं. आणि आता ही नापास झाली, तर मी तिला घेऊन जायचं कुठं?” त्यांनी कॉफीचा घोट घेतला. “रोज बस मंडकळ्ळीवरून जाते. एखादं विमान उतरताना दिसलं की मी अख्खा वळून बघतो. शेजारचा विचारतो, कोण आहे तुमचं त्यात? मी म्हणतो, अजून कोणी नाही.”

तुळशीला वळसा घालून मी पुन्हा त्यांच्यासमोर आले. आता त्यांनी पेला पायरीवर ठेवला होता.

“तू उलटं फिरू नकोस. फिरलेली मलाही बघवणार नाही. पण फिरायला तुळसच कशाला पाहिजे? आज रजा टाकलीय. तीर्थ घेतलंस की दोघी तयार व्हा.”

तयार झालो. चैत्रा माझ्याशी बोलत नव्हती, पण स्कूटरची किल्ली अप्पांनी तिच्या हातात दिली तेव्हा तिचा चेहरा जरा सैल झाला.

“डावीकडे वळत फिरता येईल असा चौकोन शोधायचा,” हे म्हणाले. “उद्यानाचा होता. पण मध्ये गणपती आहे. त्याच्या पलीकडचा ब्लॉक बघितला, तिथे आंजनेय. कॉम्प्लेक्सच्या मागे राघवेंद्र स्वामी. कुवेंपुनगरात देवाला उलटं न फिरता डावीकडे वळायचं म्हणजे कठीण आहे. काल संध्याकाळी मी सगळं हिंडून आलो.”

“चालत?” चैत्रानं विचारलं.

“स्कूटरनं. मूर्खासारखं विचारू नकोस.”

शेवटी त्यांनी आम्हाला पाण्याच्या मोठ्या टाकीपाशी नेलं. टाकीभोवती तारेचं कुंपण आणि कुंपणाभोवती चारी बाजूंनी रस्ता. सकाळच्या वेळी वर्दळ नव्हती. “टाकीत देव नाही,” हे म्हणाले. “वॉचमनला विचारून खात्री केलीय.” मग ते मोरीच्या कट्ट्यावर हातातला पेपर गुंडाळून बसले. “मी टॉवर. माझ्या परवानगीशिवाय कोणी उतरणार नाही.”

स्कूटरवर चैत्रा पुढे, मी मागे. तिनं सांगितलं, प्रत्येक बाजूला मी ओरडून नाव घ्यायचं.

पहिला रस्ता संपला. वळणापाशी तिनं सवयीनं उजवीकडचा दिवा लावला. कट्ट्यावरून पेपर जोरात हलला. “टॉवर म्हणतो डावीकडे. उजवीकडे चिकनचं दुकान आहे.”

ती हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा, आणि डावीकडे वळली.

“क्रॉसविंड,” मी म्हणाले.

“मोठ्यानं, अम्मा. रेडिओवर इतकं हळू बोललीस तर ते म्हणतील विमान रिकामंच आहे.”

“डाउनविंड,” मी म्हणाले, आणि माझा आवाज समोरच्या भिंतीवरून परत आला. इतक्या मोठ्यानं मी कधी बोलले होते आठवत नाही. वाऱ्यानं पदर उडत होता. डाव्या हाताला टाकी सरकत होती, मोठी, पांढरी, सगळ्या बाजूंनी सारखीच. “बेस,” मी ओरडले. “फायनल.” हे कट्ट्यावर उभे राहिले, पेपर उंच धरून त्यांनी परवानगी दिली, आणि आम्ही त्यांच्यासमोरून सर्रकन गेलो आणि पुन्हा उडालो.

कितीतरी फेऱ्या झाल्या. मधे एका सावकाश फेरीत मी तिच्या खांद्याशी वाकून म्हणाले, “चैत्रा, तुळस उजव्या हाताला असते ती मानासाठी. धावपट्टीला मान नको. तिच्यावर लक्ष हवं. दूध तापत ठेवलं की ते कुठल्या हाताला आहे असं बघतो का आपण? नजर पोचेल असं उभं राहतो.”

पुढच्या वळणापाशी तिनं आधी मान डावीकडे वळवून टाकीकडे बघितलं, मग वळली. त्यापुढच्या वळणालाही. मग मला नाव घ्यायचीही गरज पडेना, तीच ओरडू लागली. टाकीचा वॉचमन येऊन यांच्याशेजारी बसला. “काय चाललंय, सार?” त्यानं विचारलं.

“मुलगी उतरतेय,” हे म्हणाले. “बाजूला हो.”

आम्ही रोज सकाळी गेलो. आधी अंगणात तुळस उजव्या हाताला, तोंड मिटून. मग रस्त्यावर टाकी डाव्या हाताला, ओरडून. माझ्या घशाला त्या दिवसांत सुंठ-गूळ लागायचा.

परीक्षा बंगळूरला होती. पहाटेच्या गाडीनं आम्ही मायलेकी गेलो. ती आत गेली आणि मी बाहेर होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली बसून नाम घेत राहिले. नाम घेता घेता मधेच तोंडात डाउनविंड यायचं. देव रागावला नसेल.

ती बाहेर आली तेव्हा ओठ कोरडे पडले होते. “आलं होतं सर्किटचं,” ती म्हणाली. “लागोपाठ. पहिल्याच प्रश्नाला हात उजवीकडे गेला, अम्मा. टेबलाखाली, आपोआप. मग मला अप्पा दिसले, पेपर हलवताना. चिकनचं दुकान आहे म्हणून.” ती हसू लागली आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. “पुढचं सगळं डावीकडूनच केलं. पण बाकीचं कसं गेलं ते देवाला माहीत.”

निकाल दुपारी आला. मी वाती वळत होते, चैत्रा मोबाइल घेऊन समोर बसली होती. पान उघडायला वेळ लागत होता आणि ती सारखी म्हणत होती, मी नाही बघणार, तू बघ. मी चष्मा लावला. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो. पण तो शब्द चारच अक्षरांचा होता.

“पास,” मी म्हणाले. माझा नेहमीचाच आवाज निघाला, अगदी हळू. तिला ऐकू गेलं नाही. मग मी टाकीपाशी ओरडायचे तसं म्हणाले, आणि वाणींच्या गच्चीवरून कुणीतरी खाली वाकून बघितलं. चैत्रा उठली, अंगणात पळाली, हात पसरून तुळशीला एक फेरी मारून आली. मी बघितलं. तुळस उजव्याच हाताला होती.

यांना फोन केला. मागे यंत्रांचा आवाज येत होता. हे म्हणाले, “सरी.” म्हणजे ठीक. आणि थोड्या वेळानं, “वनजा, माझे कॅनव्हासचे बूट कुठे आहेत?”

रात्री जेवायला गुळाची पोळी केली होती. चैत्रा म्हणाली, “अप्पा, ते चालत जायचं मी सोडून दिलं. गंमत होती ती.” मलाही त्यांच्या गुडघ्याची काळजी होती. मी म्हणाले, “अहो, देव समजून घेतो. बसनं जाऊ या सगळे, नारळ फोडून येऊ.”

यांनी पोळीवर तूप वाढून घेतलं. “तू फिरलीस का तुळशीभोवती उलटं?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“मग मी बसनं कसा जाऊ?” ते म्हणाले, आणि चैत्राला विचारलं, विमानात डबा न्यायला देतात का.

सोमवारी पहाटे मी दिवा लावून चालायला लागले होते. बेट्टाच्या मागे नुसतं फटफटलं होतं. मागचं दार उघडलं, पण कॉफीचा वास आला नाही. हे उंबऱ्यावर उभे होते. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत नारळाचा गोल फुगवटा. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, जणू मीच बोलणार होते. मग चैत्राच्या खिडकीकडे मान केली. झोपू दे.

मी चालत राहिले. तुळशीला वळसा घालताना मला ते दिसत होते. स्कूटरजवळून जाताना त्यांनी तिच्या सीटवर एकदा हात ठेवला आणि काढला. फाटक कुरकुरतं म्हणून ते दोन्ही हातांनी किंचित उचलून उघडलं. रस्त्यावर आल्यावर आधी इकडे बघितलं, मग तिकडे, आणि नंजनगूडच्या दिशेनं वळून सावकाश चालू लागले.